तसबिरींचे संस्करण : एका नवशिक्याच्या कामाचे परीक्षण

आपल्या शास्त्रकारांनी संस्काराचे दोन प्रकार सांगितले आहेत. वस्तूच्या ठायी असलेला दोष काढून टाकणे हा एक, आणि नसलेला गुण तिच्या ठायी आणून ठेवणे हा दुसरा. पहिल्यास दोषापनयन म्हणतात व दुसऱ्यास गुणाधान. धुळीने माखलेला आरसा पुसणे हे पहिल्याचे उदाहरण. पांढरे वस्त्र रंगविणे हे दुसऱ्याचे. फोटो काढून झाल्यावर त्यातील चेहऱ्यावर जो हात फिरविला जातो, व ज्यास धंद्यातील मंडळी 'टचिंग' म्हणतात, तोही एक संस्कारच होय. तेव्हा त्याचे परीक्षण करू जाणाऱ्याने प्रथम विचारावयाचे ते हेच की, येथे आरसा पुसला आहे की वस्त्र रंगविले आहे? आणि त्याहून कठीण प्रश्न असा की, जो दोष म्हणून काढला तो दोष होता काय?

हा विचार करण्यास निमित्त झाले ते आमच्याकडे अभिप्रायार्थ आलेल्या बारा तसबिरींचे. ठाणे जिल्ह्यात शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर भातसा नदीच्या काठी सापगाव आहे. तेथील एका तरुणाने घरच्या संगणकावर, कोणा उस्तादाच्या हाताखाली न राहता, हे कसब शिकण्यास आरंभ केला आहे. प्रत्येक तसबिरीबरोबर मूळ फोटो आणि ती कोणासाठी व कशासाठी केली ह्याचे चार ओळींचे टिपण त्याने जोडले आहे. पत्रात प्रश्न एकच आहे : 'काम कसे झाले ते कळवावे.' त्याचे नाव येथे देण्याचे कारण नाही. नवशिक्याचे नाव त्याच्या कामानेच पुढे यावे हे बरे.

ज्या पानांवर ग्रंथांचे परीक्षण करावयाचे, तेथे असल्या तसबिरींस जागा का द्यावी, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, आपल्याकडे पुष्कळ घरांत ग्रंथ नसतो, पण तसबीर नसलेले घर विरळा. देवघराच्या वरच्या भिंतीवर हार घातलेल्या आजोबांच्या चेहऱ्याशी मुलाची ओळख अक्षरांच्याही आधी होते. जे इतके पाहिले जाते, त्याची चिकित्सा व्हावयास नको काय? शिवाय आपल्या भाषेत 'टीका' ह्या शब्दाचा मूळ अर्थ खोडी काढणे असा नाही. ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीकाच होय. मुळातील अर्थ उलगडून दाखविणे हेच टीकेचे काम, आणि त्याच अर्थाने आम्ही येथे टीका करणार आहो.

प्रथम गुण. ह्या तरुणाचा डोळा बारीक आहे व हातास घाई नाही. बारांपैकी चार तसबिरी जुन्या, बुरशीने खाल्लेल्या कृष्णधवल फोटोंवरून केलेल्या आहेत. एका फोटोस बरोबर गालावरून घडी पडून कागदाचा थर निघून गेला होता. अशा ठिकाणी नवशिका मनुष्य शेजारचा गुळगुळीत भाग उचलून भोकावर चिकटवितो, आणि गालावर ठिगळ दिसू लागते. ह्या तरुणाने तसे केले नाही. गालाचा उजेड कोठे संपतो व सावली कोठे सुरू होते हे पाहून त्याने तो थर कणाकणाने भरून काढला, आणि घडीच्या कडेस असलेला तीळ जागच्या जागी राहू दिला. शेजारी मूळ फोटो नसता, तर येथे घडी होती हे आम्हांस कळले नसते. हे शुद्ध दोषापनयन आहे. बुरशी काही त्या माणसाची नव्हती. ती कागदाची होती. जे कागदाचे ते काढले आणि जे माणसाचे ते ठेवले, ह्याबद्दल आम्ही त्याचे मनःपूर्वक अभिनंदन करतो.

आता दोषांकडे वळण्यापूर्वी ह्या कसबाचा थोडा इतिहास पाहणे अवश्य आहे; कारण ह्या तरुणाचे पुष्कळसे दोष त्याचे एकट्याचे नसून परंपरेने त्याच्या पदरी घातलेले आहेत. १८५५ साली पॅरिस येथे भरलेल्या प्रदर्शनात म्युनिकच्या फ्रान्झ हान्फश्टेंगल ह्यांनी एकाच व्यक्तीच्या दोन तसबिरी मांडल्या होत्या. एक जशीच्या तशी व दुसरी निगेटिव्हवर हात फिरवून केलेली. त्या प्रकाराचा गवगवा होऊन तसबीर काढून घेणाऱ्यांची भीड चेपली, व ही कला लवकरच प्रत्येक स्टुडिओचे अंग होऊन बसली. तिला त्या काळी एक सबळ कारणही होते. तेव्हाच्या काचेच्या प्लेटींना निळा रंग चटकन दिसे आणि तांबडा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे चेहऱ्यावरील तांबूस छटा काळ्या डागांसारखी उमटे, आणि सावळा मनुष्य होता त्याहून काळवंडलेला दिसे. १८७३ साली हेर्मान फोगेल ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने प्लेटीत विशिष्ट रंगद्रव्य मिसळल्यास तिला इतर रंगही दिसू लागतात हे दाखविले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी सर्व रंग टिपणाऱ्या प्लेटी बाजारात आल्या. तोपर्यंत कारागिराने निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल चालवून डाग भरणे म्हणजे प्लेटीची चूक सुधारणेच होते. चूक सुधारली गेली, पण पेन्सिल काही खाली ठेवली गेली नाही. डागांनंतर ती सुरकुत्यांवर चालू लागली.

आपल्या मुंबईसही हा इतिहास परका नाही. तेथे १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली व डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधू नारायण दाजी ह्यांच्यासारखी एतद्देशीय मंडळी तीत होती. त्याच संस्थेतील विल्यम जॉन्सन ह्यांनी मुंबईतील नाना जातिजमातींच्या लोकांची छायाचित्रे १८६३ व १८६६ साली दोन भागांत प्रसिद्ध केली. त्यांतील पुष्कळ चित्रांत माणसे एका निगेटिव्हवरची आणि पाठीमागचा देखावा दुसऱ्या निगेटिव्हवरचा आहे. संग्रह होता लोकांची खरी ओळख करून देण्यासाठी. पण ज्या इमारतीपुढे ती माणसे उभी दिसतात तेथे ती उभी राहिली असतील असे मात्र नाही. तात्पर्य, संगणक येण्यापूर्वीही कात्री व डिंक होताच. १९९० साली 'फोटोशॉप' बाजारात आले तेव्हा जे बदलले ते एवढेच की, वर्षानुवर्षांच्या उमेदवारीने साधणारी गोष्ट एका बोटाखाली आली. आणि आज ती प्रत्येकाच्या फोनमध्ये न मागता येऊन बसली आहे.

ह्या सुलभतेचा परिणाम सापगावच्या ह्या तसबिरींत तीन ठिकाणी स्पष्ट दिसतो.

पहिला दोष कातडी गुळगुळीत करण्याचा. पाच तसबिरींत चेहऱ्यावरील रंध्रे, लव, ओठांवरील बारीक रेषा सर्व पुसली जाऊन चेहरा मेणाचा झाला आहे. ह्याचे कारण आम्हांस कामाच्या रीतीत दिसते. पडद्यावर चेहरा चौपट मोठा करून त्यावर तासभर काम केले की, प्रत्येक रंध्र खड्ड्यासारखे दिसू लागते आणि चेहरा डोळ्यांआड होतो. ह्यावर जाणत्या कारागिरांचे दोन उपाय आहेत, तेच आम्ही सांगतो. एक म्हणजे घटकाघटकाने चित्र लहान करून, ज्या आकारात ते भिंतीवर लागणार त्या आकारात पाहावे. दुसरा म्हणजे मूळ चित्रास हात न लावता वरच्या निराळ्या थरावर काम करावे, आणि काम संपल्यावर त्या थराचा जोर निम्म्यावर आणून पाहावा. बहुतेक वेळा निम्मेच पुरेसे होते असे आढळून येते. आणखी एक नियम ह्या धंद्यात फार दिवसांचा आहे. जे पंधरा दिवसांत आपोआप जाईल, जसे पुटकुळी, ओरखडा, जागरणाची सूज, ते काढावे. जे पंधरा दिवसांनीही राहील, जसे तीळ, व्रण, सुरकुती, ते ठेवावे. नियम साधा आहे, पण दोषापनयन कोठे संपते व गुणाधान कोठे सुरू होते ह्याची सीमा त्याने बरीच चांगली आखली जाते.

दुसरा दोष रंग उजळण्याचा. एका तरुणीची तसबीर लग्नाच्या बोलणीसाठी केली आहे. टिपणात घरच्यांची सूचना नमूद आहे : 'जरा उजळ करून द्या.' कारागिराने चेहरा दोन छटांनी उजळला, पण मान व हात तसेच राहिले. त्यामुळे एका मुलीचे मस्तक दुसरीच्या धडावर बसविल्यासारखे दिसते. हा झाला हाताचा दोष. पण मान व हातही उजळले असते, तर चित्र निर्दोष झाले असते काय? आमच्या मते ते अधिक सदोष झाले असते. कारण मग खोटे पकडता आले नसते. पुढे बोलणीच्या दिवशी ती मुलगी समोर येऊन बसणार, आणि तिची पहिली तुलना होणार ती स्वतःच्याच तसबिरीशी. कारागिराने तिच्यावर उपकार केला नाही. तिच्यापुढे एक गोरी सवत उभी केली.

ह्या बाबतीत सर्व दोष सापगावच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. विसाव्या शतकात रंगीत फोटो धुणाऱ्या प्रयोगशाळांतून रंगांचा मेळ बसविण्यास जे नमुन्याचे पत्रे वापरीत, त्यांवर दीर्घ काळ गोऱ्या स्त्रीचाच चेहरा असे. तो चेहरा बरोबर दिसला म्हणजे जगातील सर्व चेहरे बरोबर, असे गृहीतच होते. आपल्या देशात १९७५ साली आलेल्या 'फेअर अँड लव्हली' ह्या मलमाच्या नावातून गोरेपणाचा वाचक शब्द २०२० साली गाळण्यात आला. तो नळीवरून गेला खरा, पण फोटो उजळविण्याच्या सरकपट्टीत अद्याप सुखाने नांदत आहे. सावळी कातडी सुंदर दाखविण्याचे कसब निराळे आहे. तीत उजेड पसरत नाही, तर कपाळ, गालाचे हाड, नाकाचा शेंडा अशा मोजक्या जागी चमकतो. त्या जागा राखाव्या, सावल्यांतील निळसर किंवा राखी झाक काढून त्यांत ऊब आणावी, म्हणजे रंग न बदलता चेहरा खुलतो. हे ह्या तरुणाने शिकावे. शहापूर-मुरबाडकडे त्याच्यापुढे येणारे बहुतेक चेहरे सावळेच असणार. तेव्हा हे कसब त्यास जितके उपयोगी पडेल तितके दुसरे कोणतेही पडणार नाही.

तिसरा दोष आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण तोच सर्वांत गंभीर आहे. चौथ्या क्रमांकाची तसबीर एका वृद्धेची आहे. टिपणावरून कळते की ती आता हयात नाही, आणि नातवाने एका लग्नघरी फोनवर टिपलेला हा तिचा एकुलता एक बरा फोटो. मुळात तिच्या कपाळावर दोन भुवयांच्या मध्ये व हनुवटीवर गोंदणाचे हिरवट ठिपके आहेत. तयार तसबिरीत ते नाहीत. हे बुद्धिपुरस्सर केले असावे असे आम्हांस वाटत नाही. डाग बुजविण्याच्या हत्यारास तीळ, पुटकुळी व गोंदण ह्यांत भेद कळत नाही. त्यास सर्वच ठिपके सारखे. पण कारागिरास तो भेद कळावयास हवा होता. ह्या मुलखात, विशेषतः ठाकूर, कातकरी, वारली इत्यादी समाजांतील जुन्या पिढीच्या बायकांना गोंदण हा देहाचाच दागिना असे. सोनेनाणे येथेच राहते, गोंदण मात्र मरणानंतरही बरोबर येते, अशी समजूत आपल्याकडे सर्वत्र आढळते. सुईचे दुःख सोसून ल्यालेला, कोणास गहाण टाकता न आलेला, कोणी चोरू न शकलेला तो दागिना. आणि तो मरणोत्तर एका टिचकीसरशी उतरविला गेला! तिच्या पतवंडांस उद्या ही तसबीर दाखवून 'ही तुमची पणजी' असे सांगितले जाईल, तेव्हा ती पणजी निराळीच कोणी असेल.

येथे एक आक्षेप येईल, व तो विचारार्ह आहे. ज्याची तसबीर त्याचीच जर इच्छा असेल की आपण बरे दिसावे, तर आड येणारे आपण कोण? क्रॉम्वेलने आपल्या चित्रकारास चेहऱ्यावरील चामखिळींसह आपणास रंगविण्याची आज्ञा केली अशी आख्यायिका इंग्रजी वाचणाऱ्या प्रत्येकाने ऐकली आहे. पण क्रॉम्वेलला चामखीळ परवडण्यासारखी होती. राज्यच त्याच्या हाती होते. ज्याला चेहऱ्यावरून नोकरी वा स्थळ मिळावयाचे त्याने थोडा उजळपणा मागितला तर त्यास हसणे सोपे आहे. म्हणून आमचे म्हणणे असे की, प्रयोजन पाहून मर्यादा ठरवावी. पारपत्रासारख्या सरकारी कामाच्या फोटोत कसलाही फेरफार करू नये. तेथे तसबीर ही साक्ष आहे. स्वतःच्या हौसेसाठी जो तो आपल्या चेहऱ्याचा धनी. त्याने गोंदण काढा म्हटले तर काढावे. जेथे तसबिरीवर विसंबून दुसरे कोणी निर्णय करणार, तेथे त्याची फसवणूक होऊ नये. फ्रान्सने २०१७ पासून जाहिरातींतील बारीक वा जाड केलेल्या देहांच्या फोटोंवर तशी सूचना छापण्याची सक्ती केली ती ह्याच तत्त्वावर. आणि ज्याची तसबीर तो हयात नसेल, तेथे सर्वांत जास्त जपावे. कारण 'हे माझे नव्हे' असे सांगावयास तो येणार नाही.

साहित्याच्या अभ्यासकास ह्यात नवे असे काहीच नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. लेखकांच्या हातून शिरलेले अपपाठ त्यांनी काढले. स्वतः एकनाथांएवढा समर्थ कवी. एखादी ओवी अधिक गोड करणे त्यांस अशक्य होते असे थोडेच आहे? परंतु आपली ओवी तीत घालू पाहणाऱ्यास त्यांनी कडक शब्दांत बजावले आहे. बुरशी काढली, तीळ ठेवला. तसबिरीवर हात फिरविणाऱ्याने आदर्श म्हणून ह्याहून थोर नाव शोधण्याचे कारण नाही. दुसरे उदाहरण अलीकडचे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. रेव्हरंड टिळकांचा तापटपणा, धरसोड, भोळा खर्चिकपणा ह्यांतील एकही सुरकुती बाईंनी पुसली नाही, आणि म्हणूनच ते टिळक आजही वाचकांस आपल्या ओळखीचे वाटतात. त्याच काळातील कितीतरी गुळगुळीत चरित्रनायक आज कोणास आठवतही नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. 'काम कसे झाले?' असे हा तरुण आम्हांस विचारतो, तसे त्याने गिऱ्हाइकांस व ह्या धंद्यातील मित्रांसही विचारले असणार. गिऱ्हाईक 'छान' म्हणते किंवा 'अजून उजळ करा' म्हणते. मित्र कोणते हत्यार वापरले ते विचारतात. दोन्ही अभिप्रायांत चेहरा कोठेच नाही. ह्याचे कारण उत्तर देणारांत नसून प्रश्नात आहे. 'कसे झाले?' ह्या प्रश्नास आपल्या समाजात 'छान' हेच एक सभ्य उत्तर असते. त्याने प्रश्न बदलावा. ज्यांनी त्या माणसास पाहिले आहे अशा दोघांतिघांपुढे प्रथम मूळ फोटो न दाखविता तयार तसबीर ठेवावी आणि विचारावे, 'हे कोण?' उत्तर देण्यास किती वेळ लागतो तिकडे लक्ष द्यावे. नंतर विचारावे, 'ह्यात काय नाहीसे झाले आहे?' त्या वृद्धेची तसबीर तिच्या शेजारणीस दाखविली असती, तर गोंदणाचा दोष काढावयास प्राध्यापकाची गरज पडली नसती. मग कसबाविषयीचे प्रश्न जाणत्या कारागिरास विचारावे, पण तेही नेमके : येथील सांधा दिसतो काय, नाकाची सावली व मानेची सावली एकाच बाजूस पडते काय? (हा प्रश्न मुद्दाम सुचविण्याचे कारण असे की, नवव्या तसबिरीत कधीही एकत्र फोटो न काढलेल्या पतिपत्नीस शेजारी बसविले आहे. कल्पना हृद्य आहे, परंतु पतीवर उजेड डावीकडून व पत्नीवर उजवीकडून येतो.) शेवटचा परीक्षक म्हणजे दुसरा दिवस. रात्री संपविलेले काम सकाळी उजेडात, कागदावर छापून पाहावे. पडद्याचा झगझगाट ज्या चुका झाकतो त्या कागदावर उघड्या पडतात.

एकंदरीत आमचा अभिप्राय अनुकूल आहे. बारांपैकी चार तसबिरी निःसंशय चांगल्या आहेत, पाच जोर निम्मा केल्यास चांगल्या होतील, आणि नवव्या तसबिरीस उजेडाची दिशा जुळविली म्हणजे पुरे. राहिलेल्या दोन, तरुणीची व वृद्धेची, नव्याने कराव्या. पूर्वीचा कारागीर काचेच्या निगेटिव्हवर चाकूने खरवडी, तेव्हा जे गेले ते कायमचे जाई. आजच्या कारागिराचे भाग्य असे की, मूळ जपून ठेवले असेल तर पुन्हा मुळाकडे जाता येते. आणि ह्या तरुणाने ते जपले आहे. त्याने आधी त्या वृद्धेच्या घरी जावे, कपाळावरचे ठिपके किती व हनुवटीवरचे किती हे तिच्या लेकीसुनांस विचारून घ्यावे, आणि वर्षश्राद्धाच्या आत गोंदणासह दुसरी तसबीर त्या घरी पोचवावी. हे काम त्याने स्वखर्चाने करावे, अशी आमची त्यास आग्रहाची सूचना आहे.